विचारा की! : पाचवी-दहावीची सुई आणि पेटीतली कार्डं

शाळा सुरू होऊन पाऊस जरा उघडला की आरोग्य केंद्राची माणसं निळी थंड पेटी खांद्याला लावून शाळाशाळांतून दिसू लागतात, आणि माझ्याकडे पत्रं वाढतात. या महिन्यात गुडघेदुखी, पित्त, केस गळणं या सगळ्यांना थोडं थांबवलंय. अंक पुरता लसींचा.

आणखी एक. बरीच पत्रं ‘डॉक्टर मॅडम’ म्हणून येतात. मी डॉक्टर नव्हे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत मी आरोग्य सहायिका होते, आता निवृत्त. लस, कार्ड, शाळा आणि रांग हा माझा प्रांत. ज्यांना औषध लिहून पाहिजे त्यांनी दवाखाना गाठावा. ‘आक्का’ म्हणून लिहिलेलं चालतं.

आक्का, माझा मुलगा दहावीत आहे. शाळेतनं चिठ्ठी आलीय, सगळी कानडीत, खाली सही मागितलीय. पोरगा म्हणतो टीडीचं इंजेक्शन आहे. पण गेल्या पावसात पायात खिळा घुसला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी त्याला धनुर्वाताचं दिलं होतं. लहानपणचे पण सगळे झालेत. मग आता परत कशाला?
— एक आई, येळ्ळूर

‘लहानपणचे सगळे झालेत’ हे मी नोकरीत असताना दारोदार ऐकलं, आणि सांगणारी बाई खोटं बोलत नसायची. पाच-सहा वर्षांचं असताना पोराला ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर मिळतो, पोर पहिलीत जातं, अंगणवाडीच्या बाई निरोप देतात, आणि तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं लसीचं कार्ड, ट्रंकेत साड्यांच्या खाली जातं. सरकारी वेळापत्रकात मात्र त्या खाली अजून दोन ओळी आहेत: १० वर्षं आणि १६ वर्षं. म्हणूनच शाळेत पाचवीला आणि दहावीला टोचायला येतात. दोन्ही वेळेला एकच लस, टीडी.

त्यातला ‘टी’ धनुर्वाताचा आणि ‘डी’ घटसर्पाचा. पूर्वी याच वयांना टीटी, म्हणजे नुसतं धनुर्वाताचं, द्यायचे. २०१९ च्या सुमाराला देशभर त्याच्या जागी टीडी आलं, कारण घटसर्पाविरुद्धची लहानपणची ताकद वर्षं जातील तशी उतरत जाते आणि हा रोग मोठ्या मुलांनाही गाठायला लागला. घटसर्पात घशात राखाडी पडदा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो, आणि त्याचं विष रक्तातून हृदयाला व नसांना लागतं. त्यावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात. ते प्रत्येक गावच्या फ्रिजमध्ये नसतं. मोठ्या इस्पितळातसुद्धा ते वेळेत हाती यायला नशीब लागतं.

धनुर्वाताची गोष्ट वेगळी, आणि शेतकऱ्याच्या घरात ती नीट समजायला पाहिजे. गोवर, घटसर्प हे माणसाकडून माणसाला होतात. गावातल्या बहुतेक पोरांना टोचलेलं असेल तर न टोचलेलं एखादं त्यांच्या आडोशाने वाचून जातं. धनुर्वात माणसाकडून येतच नाही, तो मातीत आणि शेणात बसलेला असतो. शेजारच्या दहा घरांनी टोचून घेतलं म्हणून तुमच्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि सगळे खिळ्याच्या गंजाला भितात, ते उगीच. गंजाने धनुर्वात होत नाही, खिळ्यावरच्या मातीने होतो. उसाचा कोयता, भाताच्या चिखलात रुतलेला काटा, गोठ्यातली खिळपट, सगळं सारखंच. जखम वरून बारीक आणि आत खोल असली की वारा लागत नाही, तिथे तो जंतू वाढतो.

आता गेल्या वर्षीचं. डॉक्टरांनी नक्की काय टोचलं, टीटी की टीडी, हे कागदावर लिहून आणा. खासगी दवाखान्यात टीटीची बाटलीही असते. टीटी असेल तर घटसर्पाचं राहिलंच की. तो कागद टोचणीच्या दिवशी सिस्टरला दाखवायला पोराच्या खिशात द्या. द्यायचं की थांबायचं ते त्या किंवा वैद्यकीय अधिकारी ठरवतील. एखादा डोस जास्त झाला म्हणून धोका नाही, फक्त पाठोपाठ घेतले तर दंड जरा जास्त सुजतो.

सहीचं म्हणाल तर वाचल्याशिवाय करू नका. तुमचा मुलगा दहावीत आहे, कानडी विषय शिकतोय, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. लस कुठली, तारीख कुठली, पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली होती का हे विचारलेला रकाना कुठे आहे, एवढं बघा. त्या निमित्ताने त्याचं कानडी किती पोचलंय तेही कळेल. आणि ज्यांच्या घरी ‘नको’ ठरलंय त्यांनी चिठ्ठी दप्तरात दाबून ठेवू नये. ‘नको’ असं लिहा, पुढे कारण लिहा. कोरी चिठ्ठी परत आली की त्या पोराचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, आणि ते पोर दिवसभर रांगेच्या कडेला उभं राहतं.

माझी मुलगी आठवीत, तेरा वर्षं चालू आहे. डॉक्टरीण बाईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस सांगितली, दोन डोस. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, लग्नाच्या आधी कशाला असली लस, पुढं मूल होणार नाही. भाऊ म्हणतो, आंध्रात ही लस घेऊन पोरी मेल्या, मोबाईलवर आलंय. मी वखारीत कामाला, पत्नी घरी विड्या वळते. पैसे घालायचे तर खात्री पाहिजे.
— एक वडील, निपाणी

दादा, आधी आईंचं. लग्नाच्या आधीच घ्यायची असते, तिचं सगळं बळ त्यातच आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी शिवून जातो. नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही तो होतो, हे आईंना स्पष्ट सांगा, कारण मनात जे असतं ते हेच असतं. पुष्कळदा तो आपोआप जातो. जिच्यात राहतो तिच्यात पंधरा-वीस वर्षांनी गाठ निघते. विषाणू यायच्या आधी अंगात ताकद तयार पाहिजे, म्हणून ९ ते १४ हे वय. विषाणू शिरल्यावर लस त्याला बाहेर काढत नाही.

आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर नव्याने सापडतो, आणि ८०,००० च्या जवळपास दगावतात. कॅन्सर म्हटला की निपाणीत सगळ्यांना आधी तोंडाचा आठवतो, तंबाखूचं गाव म्हणून. पण बायकांच्या रांगेत बसून बघितलं तर दुसरंच दिसतं. अंगावरून जातंय, वास येतोय, पण सांगायचं कुणाला, असं करत करत त्या फार उशिरा येतात.

मूल न होण्याची भीती मला जुनी ओळखीची. पोलिओच्या थेंबांच्या वेळी हीच होती, २०१७ ला गोवर-रुबेलाच्या वेळी हीच होती. थेंब घेतलेल्या पोरींची पोरं आज शाळेत जातात. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या सालीसारखं प्रथिन तेवढं असतं. गर्भाशयाशी, अंडाशयाशी तिचा संबंध नाही.

भावाने सांगितलं त्यात मात्र थोडं खरं आहे, आणि ते झटकून टाकायचं नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत ही लस एका प्रकल्पात मुलींना दिली. काही मुली दगावल्या आणि २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशी झाली तेव्हा बुडणं, साप चावणं, विष पोटात जाणं अशी कारणं निघाली, लसीशी संबंध सापडला नाही. मोबाईलवरच्या निरोपात एवढा शेवटचा भाग नसतो. पण त्याच चौकशीत दुसरं एक निघालं ते मला जास्त लागलं: वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी आईबापांना न सांगता टोचली की गावं वर्षानुवर्षं विश्वास ठेवत नाहीत. म्हणून तुम्ही विचारताय ते बरंच करताय. नंतर सिक्कीमने २०१८ ला शाळांतून मुलींना ती दिली, आधी गावोगाव बसून बोलून, आणि जवळजवळ सगळ्या मुलींनी घेतली.

आता पैशाचं. आधी सरकारी दवाखान्यात विचारा की तुमच्या मुलीच्या वयाला ती तिथे मिळते का. मिळत असेल तर विकत घ्यायचं कारण नाही. विकत घ्यायची झाली तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आपल्याकडेच बनलेली लस २०२३ पासून आहे, परदेशी आहे, आणि किमतीत फरक पडतो. दोन मेडिकलमध्ये विचारून मग ठरवा. १५ च्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ नंतर तीन, असं आपल्याकडचे डॉक्टर देतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं म्हटलंय. तेव्हा दुसऱ्याचे पैसे जमत नाहीत म्हणून पहिलाही सोडू नका.

आणि पत्नीचं. ही लस मुलीला दिली म्हणून आईचं काम होत नाही. तिशी ओलांडलेल्या बाईने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून बसतात आणि अंगावरचं दुखणं मांडीखाली दाबतात. तुम्ही सोबत जा.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत टोचणीच्या दिवशी एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिच्या पाठोपाठ आणखी पाच-सहा जणी. पालक मोटारसायकली घेऊन आले, फार गोंधळ झाला. तपासल्यावर सगळ्या ठीक निघाल्या. यंदा पालक विचारतात, लस खराब होती काय? आणि शिक्षक म्हणून आम्ही काय करायचं?
— एक मुख्याध्यापक, खानापूर तालुका

गुरुजी, लस खराब नव्हती. ही घाबरण्याची चक्कर. सुई बघून किंवा रक्त बघून नाडी मंदावते, डोक्याकडे रक्त कमी जातं, पोर पांढरं पडतं, घाम सुटतो आणि कोसळतं. आडवं केलं की दोन-चार मिनिटांत डोळे उघडतं. बारा ते सोळा वयात ही जास्त येते, मुलींना अधिक, आणि बघणाऱ्याला लागते. वर्गात एक जांभई आली की जशी बाकावर बाकावर जाते तशीच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लस घेण्याच्या ताणातून होणाऱ्या या प्रकाराला वेगळं नाव देऊन त्याचे नियम काढले. पालकांना सांगा, पोरी नाटक करत नव्हत्या. ‘नाटकं करताय’ म्हणून ओरडणारे शिक्षक मी पाहिलेत, त्याने पुढच्या तिघी पडतात.

तुमच्या हातात पुष्कळ आहे. शाळेत सकाळी मिळणारं क्षीरभाग्य योजनेचं दूध पोटात गेल्याशिवाय रांग लावू नका. उपाशी पोरं आधी पडतात, आणि जंगलातल्या वाड्यांवरून चार-पाच किलोमीटर चालत आलेली पोरं तर हमखास. अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण व्हायचं असेल तर टोचणी जेवणानंतरची मागून घ्या. सिस्टर नाही म्हणणार नाहीत, फार तर कपाळाला आठ्या घालतील. टोचायची खोली वेगळी, थांबायची वेगळी. व्हरांड्यात उभी पोरं खिडकीतून सुई बघत असतील तर खिडकी लावा. सगळ्यात घाबरट आहेत त्यांना शेवटी ठेवू नका. दोन तास रांगेत उभं राहून भीती नुसती शिजत राहते, त्यांना सुरुवातीलाच घेऊन मोकळं करा. बाकावर बसवून टोचायचं, उभं नाही. ज्याला पूर्वी चक्कर आली आहे त्याला सतरंजीवर आडवं. मग अर्धा तास तिथेच, घंटा झाली तरी. त्या अर्ध्या तासात गाण्याच्या भेंड्या लावा, मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र बाहेर घालवा.

आता खरी धोक्याची गोष्ट. लाखांत एखाद्याला लसीची जोरदार ॲलर्जी येते, आणि ती चक्करेपेक्षा वेगळी ओळखता आली पाहिजे. चक्करेत अंग थंड, घामेजलेलं, नाडी सावकाश, आणि आडवं केलं की बरं. ॲलर्जीत अंगावर गांध्या उठतात, खाज सुटते, ओठ-डोळे सुजतात, घसा बसतो, छातीत शिट्टी वाजते, नाडी पळते, आणि आडवं करूनही सुधारत नाही. असं दिसलं तर एका सेकंदाचाही विचार न करता सिस्टरला हाक मारा. त्यांच्या तातडीच्या औषधांच्या पेटीत ॲड्रेनॅलिन असतं, ते मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. सुरुवातीलाच त्यांना विचारा, ‘बाई, ती पेटी आणलीय काय? दाखवा बघू.’ राग आला तर येऊ दे. पेटी गाडीत राहिली असेल तर ती आणून टेबलावर ठेवल्यावरच पहिली सुई.

तुमच्या भागात रस्त्यात झाड पडलं तर रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो ते मला सांगायला नको. पावसाच्या धारेत टोचणी ठरली असेल तर पुढची तारीख मागा.

माझा जन्म आजोळी, नेसरीत. सुरुवातीची इंजेक्शनं तिथंच, नंतरची आमच्या बेकिनकेऱ्याच्या अंगणवाडीत. मी पीयूसी (बारावी) करून कोल्हापूरकडे नर्सिंगला चाललेय. कॉलेजने लसीकरणाचे कागद मागितलेत. आईकडे दोन कार्डं होती, एक मराठी एक कानडी, घर बांधताना दोन्ही गेली. आता काय करू?
— एक विद्यार्थिनी

पोरी, तुझं पत्र वाचून हसू आलं, कारण आपल्या भागातली निम्मी पोरं अशीच वाढलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे, सव्वा महिन्याने बाळ घेऊन आई इकडे येते. तिकडच्या सिस्टरच्या रजिस्टरात पोर ‘गाव सोडून गेले’, इकडच्या रजिस्टरात ‘बाहेरून आले, कार्ड नाही’. लस दोन्हीकडे एकच, वेळापत्रकही केंद्राचंच. हरवतो तो कागद.

एक उदाहरण देते. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ ला झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ ला. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्यांना एक डोस, आणि डाव्या अंगठ्याच्या नखाला शाईची खूण. तेव्हा तू कुठल्या शाळेत होतीस ते आठव. कुदनूर-शिनोळीकडची काही पोरं इकडे शिकायची, इकडची काही तिकडे, त्यामुळे कुणाला दोन्हीकडे मिळाली, कुणाची दोन्ही हुकली. आईला अंगठ्याची शाई नक्की आठवेल, आया तसलं विसरत नाहीत. पण कॉलेजला आठवण चालत नाही.

तेव्हा असं कर. नेसरीच्या आरोग्य केंद्रात आजीला किंवा मामाला पाठव, जन्माचं वर्ष, महिना आणि आईचं माहेरचं नाव घेऊन. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली नसतील तर नोंद सापडते. आईची नोंद माहेरच्या आडनावाने असते, तुझ्या आताच्या आडनावाने शोधलं तर काहीच मिळणार नाही. इकडे उपकेंद्रात तसंच. आता सरकारने यू-विन नावाची संगणकी नोंद आणलीय, ती दोन्ही राज्यांत चालते, पण तुझ्या लहानपणी ती नव्हती, तुझं जुनं त्यात मिळणार नाही. यापुढचं प्रत्येक इंजेक्शन मात्र त्यात चढवून घे.

डाव्या दंडाच्या वरच्या बाजूला खळगीसारखा वण असेल तर तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, त्याची पुन्हा गरज नाही.

नोंद नाहीच सापडली तर नियम सोपा: कागद नाही म्हणजे दिलंच नाही असं धरून चालायचं. दुसऱ्यांदा दिल्याने नुकसान होत नाही. तुला सगळ्यात महत्त्वाची ब-काविळीची, हिपॅटायटिस बी. सुईशी रोजचा संबंध येणाऱ्या मुलीने ती घेतल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू नये. देशभर सगळ्या बाळांना ती २०११–१२ च्या सुमाराला मिळू लागली, तुझा जन्म त्याच्या आधीचा, मिळाली असेल किंवा नसेलही. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. पहिला उद्याच घे आणि त्याचा कागद प्रवेशाच्या फाईलला लाव, ‘सुरू केलं आहे’ हे बहुतेक ठिकाणी चालतं. मधे एखादा डोस पुढे गेला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला घ्यायचा. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्तीचा आकडा बघतात, तो १० किंवा जास्त आला की काम झालं.

गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, मधे चार आठवडे. कांजिण्या कधी झाल्या नसतील तर त्याचेही दोन. टीडी सोळाव्या वर्षाचं राहिलं असेल तर तेही. आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो आईच्या, बापाच्या आणि मामाच्या अशा तिन्ही फोनवर पाठव.

आमच्या काळी शाळेत कोण टोचायला येत होतं? तरी आम्ही जगलोच की. आताच्या पोरांना उठसूट सुया.
— एक आजोबा, शहापूर

येत होतं, आजोबा. बाही वर करून दंड बघा, देवीचा वण असेल. सकाळी टिळकवाडीत ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली तुमच्या वयाची मंडळी फिरायला येतात, तिथे मुंबई इलाख्याच्या काळापासून देवीचीच लस बनत होती, वासरांच्या कातडीवर वाढवून. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. जे जगले नाहीत त्यांचं पत्र माझ्याकडे यायचं नाही.

काही बारीकसारीक

पाळी चालू असताना टोचलं तर चालतं का, हे तीन मुलींनी नाव न घालता विचारलंय. चालतं. पाळीवर काही परिणाम नाही. अंगात ताप असेल तर पुढे ढकला, नुसत्या सर्दीला नको.

दंड दुखतो, सुजतो, एखादा दिवस कणकण येते. ओल्या फडक्याची थंड पट्टी, लागलंच तर पॅरासिटामॉल. चोळू नका. आंघोळ चालते. दहावीच्या पोरांनी परीक्षेच्या महिन्यात घेण्यापेक्षा श्रावणाच्या आसपास उरकावं, दंड दुखतोय म्हणून पेपर लिहिता आला नाही अशी सबब तरी राहत नाही.

कडोलीच्या एका ताईंनी खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली सहा लसींची यादी पाठवलीय आणि सगळ्या परवडत नाहीत म्हणतात. सगळ्या वाईट नाहीत, पण सगळ्या सारख्याच निकडीच्याही नाहीत. मुलगा बारा वर्षांचा, विहिरीचं पाणी, बाहेरचं खाणं: मी आधी टायफॉईडची नवी लस घेईन, एकच डोस. मुलीला एचपीव्ही, ती वर लिहिलीच. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर त्या यादीतून काढा. फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. दमा असलेल्या पोराला ती उपयोगाची, इतरांना पैसे उरले तर.

मुलाला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला चावलंय, रक्त आलं. गेल्या महिन्यात शाळेत टीडी झालंय. म्हणजे आता इंजेक्शन नको ना?
— एक वाचक, हिंडलगा

हे पत्र टपालाने आलं तेव्हा मी बाकीची बाजूला ठेवली, संपादकांकडून नंबर घेऊन त्याच संध्याकाळी फोन केला. इतरांसाठी लिहिते. टीडीने कुत्र्याच्या चावण्यातला धनुर्वात थांबतो, रेबीज नाही. त्या दोन पूर्ण वेगळ्या लसी. चावल्याबरोबर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. लस फुकट मिळते आणि ती दंडातच देतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. पहिली सुई घेतली तो दिवस ० धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत त्याखेरीज एक सीरम भरावं लागतं. ते गावच्या केंद्रात नसेल तर तिथे थांबू नका, चिठ्ठी घेऊन तसेच बेळगावला सिव्हिलमध्ये जा. कुत्रं ओळखीचं आहे, पाळलेलं आहे, पिल्लू आहे म्हणून थांबायचं नाही. रेबीज एकदा उमटला की त्यावर औषध नाही.

त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पहिली सुई घेऊन आला. अठ्ठाविसाव्या दिवसाची आठवण करायला मी त्यांना फोन करणार आहे, त्यांनी तो उचलावा.